मिनिएचर वॉरगेममधील समतोल

सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती टेबलावर मांडून, पट्टीने चाल मोजून आणि फासे टाकून लढाई खेळतात, तो मिनिएचर वॉरगेम. दोघांनाही जिंकायची सारखी संधी हवी आणि फौज मनासारखी उभारायची मोकळीकही हवी. या दोन मागण्यांची सांगड म्हणजे या खेळातला समतोल.

प्रशियात १८२४ साली रायस्विट्झ पितापुत्रांपैकी मुलाने लष्करी अधिकाऱ्यांसाठी असा खेळ मांडला, तेव्हा वाद सोडवायला पंच होता. १९१३ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' या पुस्तकातून तो घरच्या जमिनीवर आणला. आज पंचाची जागा बहुधा पॉइंट्सनी घेतली आहे. प्रत्येक प्रतिकृतीला किंमत, दोन्ही फौजांची बेरीज सारखी.

बेरीज सारखी असली तरी ताकद सारखी होतेच असे नाही. इंग्रज अभियंता लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेला वर्गाचा नियम इथे उपयोगी पडतो: फौजेची ताकद तिच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मोकळ्या मैदानात वीस बंदूकधारी दहांवर तुटून पडले, सगळे सारख्या कुवतीचे आणि प्रत्येकाला प्रत्येकावर नेम धरता येतो असे मानले, तर दहा संपेपर्यंत वीसांतले सुमारे १७ शिल्लक राहतात. हीच माणसे गोमुखी दरवाजाच्या वळणात गाठली, जिथे एकावेळी एकालाच लढता येते, तर उरतात १०. माणसे तीच, पॉइंट्स तेच, फरक जागेचा. भर समुद्रातला मचवा आणि खाडीतला मचवा यांचा भाव एकच लावणारी यादी म्हणूनच फसते.

कोकणातले उत्तम उदाहरण खांदेरीचे. १६७९ मध्ये थळसमोरच्या या बेटावर शिवाजी महाराजांनी किल्ल्याचे काम काढले आणि मुंबईच्या इंग्रजांनी ते अडवायला जहाजे धाडली. तोफा मोजल्या तर इंग्रजांच्या 'रिव्हेंज' जहाजापुढे मराठा आरमाराचे दौलतखान आणि मायनाक भंडारी यांच्या होड्या किरकोळ. पण मोठ्या जहाजाला वारा लागतो आणि उथळ पाणी चालत नाही. वल्ह्यांची हलकी होडी मात्र रात्री खडकांच्या कडेने सामान उतरवून परतते. हा प्रसंग समान पॉइंट्सवर बेतला तर त्यातला जीवच जातो. मराठ्यांना गुण द्यायचे ते बेटावर पोचलेल्या खेपांचे, इंग्रजांना अडवलेल्या होड्यांचे. मग फौजा विषम असूनही डाव रंगतो.

मोकळिकीचे दुसरे टोक कोकणातल्या अंगणात दिवाळीला दिसते. जांभ्याचे चिरे, गोणपाट, लाल माती, वर हळिवाची हिरवळ, आणि बुरुजाहून उंच मावळा! तिथे हरजीत नसल्याने कुणाची हरकत नसते. टेबलावर मात्र घरी घडवलेल्या प्रतिकृतीचे ठरवावे लागते. मूर्तीच्या हातात जे दिसेल तेच तिचे शस्त्र, ही बऱ्याच ठिकाणची रीत. तलवारवाल्याला बंदूकधारी म्हणायचे असेल तर पहिला फासा पडण्याआधी सांगावे; डाव अर्ध्यावर आल्यावर सांगितले की भांडण ठरलेले.

स्वतः रचलेल्या लढाईसाठी सगळ्यांत सोपा उपाय घरातलाच आहे. एका भावाने आंबावडीचे तुकडे पाडायचे, दुसऱ्याने आधी उचलायचे. तसेच एकाने बेट, वारा, होड्या आणि गुण ठरवावेत, दुसऱ्याने बाजू निवडावी. वेळ असेल तर बाजू बदलून पुन्हा खेळावे आणि दोन्ही डावांत पोचलेल्या खेपा मोजाव्यात.