पाण्यातलं सोनं आणि कोळंबीची सालं

ठाण्याला नौपाड्यात आमच्या आत्याच्या दारात एकदा दागिने पॉलिश करून देणारे दोघे आले होते. तिच्या पाटल्या त्यांनी तिच्यासमोरच एका पिवळट पाण्यात बुडवल्या, ब्रशने घासल्या आणि लखलखीत करून हातात दिल्या. संध्याकाळी सराफाकडे वजन केलं तर पाव तोळा कमी! घरात कुणाचा विश्वासच बसेना. सोनं कशात विरघळत नाही, हे सगळ्यांना लहानपणापासून पाठ होतं ना.

पण ते विरघळतं. एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलं की आम्लराज तयार होतं. त्यात सोन्याच्या अणूचे तीन इलेक्ट्रॉन निघून जातात आणि चार क्लोराइड त्याला घेरून बसतात. जुन्या मोबाईल-संगणकांच्या पाट्यांवरचं सोनंही याच वाटेने पाण्यात उतरवता येतं. खरी गंमत ते परत काढण्यात आहे.

त्यासाठी लागतं अधिशोषण. स्पंज पाणी पितो ते शोषण. पृष्ठभागावर एखादी गोष्ट चिकटून बसते ते अधिशोषण. म्हणून इथे पृष्ठभाग भरपूर हवा. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या एक ग्रॅम सक्रिय कोळशाच्या छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरपर्यंत भरतो, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे जमीन चिमटीत!

माझा जीव मात्र चिटोसानवर. बेलापूरजवळच्या दिवाळे गावात कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या पायाशी सालींचा ढीग पडतो, त्यातल्या कायटिनवर तीव्र कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की चिटोसान मिळतं. त्याच्या साखळीवर जागोजागी अमिनो गट असतात. पाणी आम्लधर्मी असलं की हे गट एकेक प्रोटॉन उचलतात आणि धनभारित होतात. क्लोराइडने घेरलेलं सोनं ऋणभारित, त्यामुळे ते तिकडे ओढलं जातं. त्याच पाण्यातले लोखंड-निकेलचे आयन (भारित अणू) बहुतांशी धनभारित, ते दूर ढकलले जातात. इथवर नुसतं चिकटणं झालं. पुढे सोनं आपले गेलेले तीन इलेक्ट्रॉन त्या पदार्थाकडूनच वसूल करतं आणि पुन्हा धातू होतं. इलेक्ट्रॉनची इतकी हाव तांब्याला नाही, म्हणून तांबं बहुतेक पाण्यातच राहतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी हे पाहिलंय: पिवळं पाणी हळूहळू निवळत गेलं आणि चिटोसानचे पांढुरके पापुद्रे कडेपासून जांभळे होत गेले. तो जांभळा रंग सोन्याच्याच अतिसूक्ष्म कणांचा.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 साली चीज करताना उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांचा स्पंज केला आणि संगणकाच्या 20 मदरबोर्डांमधून 450 मिलिग्रॅमचा, सुमारे 22 कॅरटचा गोळा काढला.

अशी बातमी आली की लगेच ‘गटारातून सोनं काढा’ असे निरोप फिरू लागतात. परिसाच्या गोष्टीवर विश्वास ठेवण्यासारखंच आहे हे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची नुकसानभरपाई फेडायला रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर समुद्रातून सोनं काढायला निघाले होते. अमोनियासाठी नोबेल मिळवलेला माणूस, पण समुद्रात सोनं अपेक्षेपेक्षा कितीतरी विरळ निघालं आणि त्यांना तो नाद सोडावा लागला.

म्हणून सोनं धरायचं ते दाट असतं तिथेच. नवी मुंबईतल्या महापे-रबाळे पट्ट्यासारख्या औद्योगिक भागात सोन्याचा मुलामा चढवायचा असेल, तर सोन्याच्या द्रावणाच्या टाकीतून निघालेला नग पहिल्यांदा ज्या पाण्यात धुतात, त्या पाण्यात तो टाकीतलं सोनं सोबत घेऊन येतो. हेच पाणी बाकीच्या सांडपाण्यात मिसळलं की सोनं हाती लागणं फार अवघड. मुलाम्याच्या टाकीत सोनं बहुधा सायनाइडशी बांधलेलं असतं. तिथे चिटोसान आणि आम्ल चालवायचं नाही, आम्ल पडलं तर हायड्रोजन सायनाइड हा जीवघेणा वायू सुटतो. तिथे काम कोळशाचं किंवा आयन-विनिमय रेझिनचं, म्हणजे आयन धरून ठेवणाऱ्या बारीक दाण्यांचं. धुण्याचं पाणी कोळशाच्या नळकांड्यातून सोडतात, कोळसा भरला की तो भट्टीत जाळतात आणि राख वितळवून सोनं काढतात. सराफाच्या दुकानातली धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी अशीच राख कित्येक पिढ्या हाताळत आले आहेत.