स्नायू पुन्हा भरतो कसा?

पहाटे कोल्हापुरातल्या गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत डोकावलं, तर जोर-बैठका मारून तांबड्या मातीत उतरलेले पैलवान दिसतील. एखादा डाव उलटतो, मांडीत कळ येते, स्नायू फाटतो. मग वस्ताद बजावतात, "भरून येईपर्यंत आखाड्यात उतरायचं नाही." काही आठवड्यांत पैलवान पुन्हा लढायला उभा राहतो. हे भरून येणं म्हणजे शरीरातल्या सर्वांत देखण्या दुरुस्त्यांपैकी एक.

स्नायूचा प्रत्येक तंतू ही एकच लांबलचक पेशी असते. तिच्यात शेकडो केंद्रकं असतात, पण तिचं विभाजन होत नाही. दुरुस्ती करतात त्या सॅटेलाइट पेशी. शास्त्रज्ञ अलेक्झांडर मॉरो यांना त्या 1961 मध्ये बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या: तंतूचं पटल आणि त्यावरचं पातळ आवरण यांच्या फटीत चपट्या होऊन बसलेल्या.

एरवी त्या निद्रिस्त असतात. तंतू फाटला की आधी प्रतिकारयंत्रणेच्या मॅक्रोफेज पेशी मेलेला भाग खाऊन जागा मोकळी करतात. तोवर सॅटेलाइट पेशी जाग्या होऊन भराभर विभागू लागतात. बहुतेक पिल्लं एकमेकींत मिसळून नवा तंतू घडवतात, किंवा जुन्याला जोडली जातात. असा नवा तंतू ओळखूही येतो: केंद्रकं कडेला नसतात, मधोमध रांगेत असतात.

पण सगळ्याच पेशी तंतू झाल्या, तर पुढच्या दुखापतीला काय उरणार? म्हणून शेतकरी बियाणं राखतो तशा काही पेशी मागे राहतात. कधी एकाच विभाजनातली एक पेशी तंतूच्या वाटेला लागते, दुसरी पॅक्स-7 हे प्रथिन राखून पुन्हा झोपी जाते. मला तरी या सगळ्यात हे झोपी जाणंच मोलाचं वाटतं. 2005 मध्ये लंडनच्या संशोधकांनी एकच तंतू त्याच्यावरच्या पेशींसकट दुसऱ्या उंदराच्या स्नायूत रोवला. त्या जेमतेम सात पेशींपासूनही शंभरावर नवे तंतू तयार होऊ शकले, आणि नव्या सॅटेलाइट पेशीही!

म्हातारपणी या पेशी घटतात, जागं व्हायलाही वेळ लावतात. ड्युशेन या स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारात मात्र दुखणं दुहेरी असतं. डिस्ट्रॉफिन प्रथिन नसल्यानं मुलांचे तंतू सतत तुटतात. त्यातच सॅटेलाइट पेशींनाही विभागताना कोणती पेशी तंतूच्या वाटेला जाणार आणि कोणती राखीव राहणार हे ठरवायला हेच प्रथिन लागतं, त्यामुळे दुरुस्तीही अडखळते आणि मांसाच्या जागी हळूहळू चरबी आणि चिवट तंतुमय ऊती साचत जाते.