कामात रमणं आणि कामाला जुंपून घेणं

निकालाच्या हंगामात विद्यापीठाच्या परीक्षा विभागात संध्याकाळी साडेसातला डोकावलं तर दोघं-तिघं शिक्षकेतर कर्मचारी अजून बसलेले दिसतात. साहेबांच्या लेखी सगळेच कामसू. पण उशिरापर्यंत थांबणारे सगळे एका प्रकारचे नसतात: काही कामात रमलेले असतात, तर काहींनी स्वतःला कामाला जुंपून घेतलेलं असतं. तब्येतीचा प्रश्न आला की हाच फरक नडतो.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ विल्मार शौफेली आणि त्यांचे सहकारी यांनी या दोन्ही गोष्टी मोजायला वेगवेगळ्या प्रश्नावल्या केल्या. कामात रमण्याची त्यांनी २००२ साली तीन अंगं सांगितली: उत्साह, कामाबद्दलची आस्था आणि तल्लीनता. जुंपून घेण्याची अंगं दोन: गरजेपेक्षा जास्त राबणं आणि राबल्यावाचून चैन न पडणं.

घोळ होतो तो तल्लीनतेपाशी. रमण्याच्या १७ विधानांच्या प्रश्नावलीत ‘कामापासून स्वतःला सोडवणं कठीण जातं’ अशा अर्थाचं एक विधान आहे. याला तर दोघंही हो म्हणतील! २००६ च्या ९ विधानांच्या छोट्या आवृत्तीत ते नाही, हे बरंच झालं. जुंपून घेणारा नेमका सापडतो तो दुसऱ्या प्रश्नावलीत: रजा घेतली की अपराधी वाटतं.

एक राखीव निकाल घ्या. कॉलेजकडून अंतर्गत गुण आले नाहीत म्हणून पोराची गुणपत्रिका अडकलीये. कामात रमलेल्या मॅडम कॉलेजला फोन लावतात, गुण मागवतात, नोंद करतात आणि निकाल सुटला की खुशीत पर्स उचलतात. जुंपून घेतलेले भाऊसाहेबही एवढं सगळं करतात, पण मग शेजारच्याने तपासलेली यादी पुन्हा तपासायला घेतात. दुसऱ्यावर विश्वास टाकणं त्यांना जमत नाही. रविवारी जेवतानाही एक डोळा ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. काम झाल्याचा आनंद असा नसतोच, फक्त रुखरुख तेवढी थांबते, तीही सोमवारपर्यंत. गंमत म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालात दोघांनाही शेरा एकच, ‘उत्कृष्ट’.

या दोन्हींत न बसणारेही असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचा असतो. टेबलं तीन आणि माणूस एकच असेल, तर तो आवडीनेही थांबत नाही आणि सवयीनेही नाही. त्याला ताणमुक्तीच्या शिबिराला धाडण्यापेक्षा रिकाम्या जागा आधी भराव्यात.