भेरली माड

भेरली माड किंवा सुरमाड (शास्त्रीय नाव कॅरिओटा युरेन्स) हा ताल कुलातील एकखोडी वृक्ष भारत आणि श्रीलंकेतील दमट जंगलांत आढळतो. सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित रानांतही तो आहे. खोड 12 ते 20 मी. उंच, राखी, गळलेल्या झावळ्यांच्या वणांची कडी असलेले. खरी ओळख पानांची. नारळ-पोफळीची झावळी एकदाच विभागते, याची दोनदा. तालवृक्षांत असे पान फक्त कॅरिओटा प्रजातीत दिसते. दले (झावळीची छोटी पाने) तिरपी, टोकाला कुरतडल्यासारखी, माशाच्या शेपटीच्या आकाराची असतात.

फुलोरा वरून खाली येतो. पहिली पोय (फुलांचा तुरा) शेंड्याजवळ फुटते, पुढची प्रत्येक तिच्याखाली. त्या जटांसारख्या लोंबतात आणि 3 मी.पर्यंत लांब होतात. दोन नरफुलांमध्ये एक मादीफूल, अशी त्रिके असतात. काही वर्षांत सर्वांत खालच्या पोयीची फळे पिकली की झाड मरते.

या बहराचा खर्च खोडातल्या पिठावर चालतो. म्हणून साबुदाण्यासारखे पीठ हवे तर झाड फुलण्याआधीच तोडावे लागते. बहर संपलेल्या खोडात जवळजवळ नुसते धागे उरतात. भेंड, म्हणजे खोडातला मऊ गाभा, कुटून पाण्यात कोळतात, फडक्याने गाळतात आणि तळाशी बसलेला साका वाळवतात.

नीरेसाठी कोवळ्या पोयीचा रोज पातळ काप घेतात. मडक्याला आतून चुना लावला नाही, तर काही तासांतच नीरा आंबून माडी होते. साखर मोडल्यामुळे अशी नीरा कितीही आटवली तरी काकवीच राहते, गूळ बसत नाही. श्रीलंकेत हे झाड ‘कितुल’ नावाने ओळखतात. तिथे त्याची काकवी व गूळ रोजच्या खाण्यातले आहेत. पर्णतळाचे काळे, ताठ धागे ब्रशांसाठी वापरतात.

पिकलेली लाल फळे दिसायला मोहक, पण गरात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. हाताला लागल्या तर आग होते. ‘युरेन्स’चा अर्थच जाळणारा. उदमांजरे मात्र ती खातात आणि विष्ठेतून बी पसरवतात. बी काढताना हातमोजे घालावेत आणि ते वाळू न देता लगेच पेरावे. उगवायला काही महिने लागतात आणि सगळे एकदम उगवत नाही. रस्त्याकडेला एकाच वयाची रांग लावणे मात्र चुकीचे: ती सारी झाडे थोड्याफार फरकाने एकाच सुमारास वाळतात.