ॲबोरिजिनल ऑस्ट्रेलिया: स्थलांतर आणि भाषा

ऑस्ट्रेलियातले मूळचे, ॲबोरिजिनल लोक म्हणजे एक जमात नि एक भाषा असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं, पण १७८८ मध्ये इंग्रज वस्ती करायला उतरले तेव्हा तिथे साधारण २५० भाषा होत्या, आणि शेजारच्या दोन-तीन भाषा येणं ही तिथे साधी गोष्ट होती. एवढ्या भाषा कशा झाल्या नि पुढे त्यांचं काय झालं हे कळायला कोण कुठे गेलं आणि कोणाला कुठे नेलं, हे दोन्ही बघावं लागतं.

आधी जुनं. समुद्राची पातळी खूप खाली होती तेव्हा, म्हणजे निदान ५०,००० वर्षांपूर्वी, माणसं तराफे किंवा होड्या करून इथे पोचली. पण भाषांचा नकाशा तेवढा जुना नाही. पामा-न्युंगन हे एकच भाषाकुळ जवळपास सात-अष्टमांश खंडावर पसरलंय, ते उत्तरेच्या कार्पेंटारियाच्या आखाताजवळून गेल्या सहाएक हजार वर्षांत पसरलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात, आणि बाकीची सगळी कुळं उत्तरेच्या पट्ट्यात दाटीवाटीने आहेत. चार हजार वर्षांपूर्वी भारतातून लोक तिकडे गेले हा दावा २०१३ च्या एका डीएनए अभ्यासातला, २०१६ मध्ये बापाकडून मुलाकडे जाणारे वाय-क्रोमोसोम तपासले तर त्याला आधार मिळाला नाही, तेव्हा लगेच कॉलर ताठ करायला नको.

रुपया मात्र खरंच पोचला. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाचे मकासार खलाशी मोसमी वाऱ्यांबरोबर समुद्रकाकडी हा समुद्रातला प्राणी गोळा करायला उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडच्या किनाऱ्यावर यायचे, १९०७ पर्यंत. तिथल्या योल्ङू भाषांत पैशाला अजून ‘रुपिया’ म्हणतात आणि गोऱ्या माणसाला ‘बालांडा’, म्हणजे मुळात हॉलंडवाला.

नंतरचं स्थलांतर मर्जीचं नव्हतं. उत्तरेतल्या रोपर नदीच्या भागात गुरं पाळणाऱ्या कंपन्यांनी माणसं अक्षरशः शिकार केल्यासारखी मारली, वाचलेले १९०८ मध्ये उघडलेल्या ख्रिस्ती मिशनच्या आसऱ्याला आले, आजचं न्गुकुर गाव ते हेच. मारा, अलावा, न्गांडी अशा वेगवेगळ्या भाषांची माणसं. मोठ्यांना एकमेकांच्या भाषा यायच्या, पण वसतिगृहात कोंबलेल्या पोरांना सगळ्यांत कॉमन होती ती मोडकीतोडकी इंग्रजी, तिचीच त्यांनी क्रिओल नावाची पूर्ण भाषा केली. शब्द ऐकायला इंग्रजी वाटतात पण आतला हिशोब जुन्या भाषांचा आहे: ‘युनमी’ म्हणजे तू नि मी, ‘मिंदुबाला’ म्हणजे मी आणि तो, तू नाहीस. आपण आणि आम्ही यातला फरक इंग्रजीला जमत नाही, मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही, क्रिओलवाल्यालाही नाही.

लाजामानूची गोष्ट अजून विचित्र. मध्य ऑस्ट्रेलियातल्या युएंडुमू या वस्तीत गर्दी झाली, पाणी पुरेना म्हणून १९४८ च्या सुमारास सरकारने तिथल्या वार्लपिरी जमातीच्या लोकांना ट्रकात घालून उत्तरेला हुकर क्रीकला नेऊन सोडलं, आजचं लाजामानू. जमीन गुरिंजी या वेगळ्या जमातीची, म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात. लोक शेकडो किलोमीटर चालत परत गेले, पुन्हा आणले, पुन्हा गेले. पुढे तिथल्या मोठ्यांनी लहान मुलांशी वार्लपिरी, क्रिओल, इंग्रजी एकाच वाक्यात मिसळून बोलायला सुरुवात केली आणि मुलांनी त्या मिसळीची चक्क एक नवी भाषा केली, लाइट वार्लपिरी. क्रियापदं बहुतेक क्रिओल-इंग्रजीची, नामांचे प्रत्यय वार्लपिरीचे, त्यात आपल्या ‘ने’सारखा कर्त्याचा प्रत्ययसुद्धा आहे, आणि क्रियापदाआधीच्या सर्वनामाला एक काळदर्शक तुकडा असा लागतो जो मूळच्या कुठल्याच भाषेत तसा नव्हता.

आज मुलं घरात पहिली भाषा म्हणून शिकतायत अशा जुन्या भाषा जेमतेम डझनभर उरल्यात. क्रिओल बोलणारे हजारोंनी आहेत, पण ती त्या डझनात धरत नाहीत, ‘नवीन भाषा’ म्हणून वेगळी मोजतात.