तंबोरा लावा, इअरफोन पारखा

महागड्या इअरफोनांची परीक्षणं वाचायला घेतली की भाषा फार लवकर कापडाकडे आणि गोडधोडाकडे वळते. बेस मखमली, ट्रेबल रेशमी, मिड्स मधाळ. वाचताना बरं वाटतं, पण पन्नास हजारांची जोडी कानात घातल्यावर नेमकं ऐकायचं काय, हे त्यातून कळत नाही. दुकानातला डेमोही असा निवडलेला असतो की त्यावर काहीही भारी वाटावं. त्यापेक्षा तंबोऱ्याचं एक चांगलं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये घेऊन जा. ॲपमधला इलेक्ट्रॉनिक तंबोरा नको, जवारी (तारा टेकतात त्या घोडीवरची त्यांची बैठक) नीट लागलेला खरा तंबोरा हवा.

याला कारण आहे. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची जोड (मधल्या दोन तारा) सुमारे १३९ हर्ट्झवर वाजते आणि खर्ज (शेवटची जाड तार) त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९च्या आसपास. पण तार नुसती एवढंच वाजत नाही. घोडीचा माथा किंचित गोलसर असतो, तार त्याला चाटून जाते, दोहोंमधला दोरा जरा सरकवला की तो स्पर्श बदलतो आणि मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतांचे उपस्वर उमलतात. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर एरवीच्या नियमाने ऐकू यायला नको, तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र तो येतो, याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली लक्ष वेधलं होतं. गायक ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो खर्जाचा पाचवा उपस्वर, म्हणजे साधारण ३४७ हर्ट्झ. तिथून वर काही हजार हर्ट्झपर्यंत ही मालिका चढत जाते. म्हणजे एकाच वाद्यात खालच्या बेसपासून वरच्या ट्रेबलपर्यंतची मोठी पट्टी, आणि तीही दर आवर्तनात जवळपास तशीच पुन्हा. तुलना करायला याहून सोयीचं काय हवं?

यात एक गंमत आहे. मोबाइलच्या स्पीकरला ६९ हर्ट्झ जवळजवळ काढताच येत नाही, तरी त्यावरही खर्ज ‘ऐकू’ येतो. उपस्वरांमधली अंतरं पाहून मेंदू गायब झालेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. त्यामुळे स्वर बरोबर लागलाय का, ही इअरफोनची परीक्षाच नव्हे. तो सगळ्यांवर बरोबरच लागतो. पाहायचं ते त्याचं अंग: भोपळ्याचा भरीवपणा जाणवतो की नुसती तारेची झणझण पुढे येते? गंधार आपणहून वर तरंगतो की खर्जाच्या फुगवट्याखाली गाडला जातो? इअरफोनचा ‘स्वभाव’ म्हणतात तो बहुतांशी एवढाच असतो: कुठल्या वारंवारता तुमच्या कानाच्या पडद्यापर्यंत किती जोरात पोचल्या.

‘तुमच्या’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी ३००० हर्ट्झच्या आसपास आपोआप घुमते. कानाच्या बाहेरच्या आकाराची भर धरली, तर समोर बसलेल्या गायकाचा आवाज पडद्यापर्यंत पोचेतो या भागात १५ डेसिबल किंवा त्याहूनही जास्त वाढलेला असतो. जन्मापासून आपण हेच ऐकत आलोय, म्हणून ते आपल्याला सपाट वाटतं. इअरफोन मात्र नळीचं तोंडच बंद करतो आणि तो नैसर्गिक अनुनाद बिघडवतो. मग तेवढा उंचवटा इअरफोननेच तयार करून द्यावा लागतो. मीड किलियन हे श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातले संशोधक. त्यांच्या एटिमोटिक कंपनीने १९९१ साली आणलेला ईआर-४ हा इअरफोन याच विचारावर उभा होता. पुढे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांच्या चाचण्या घेऊन कुठली वारंवारता किती जोरात हवी याचा, बहुतेकांना आवडणारा एक आलेख ठरवला. त्यातही तीन हजारांजवळ हा उंचवटा आहे, शिवाय खाली बेसमध्ये थोडी भर. हा उंचवटा कमी पडला की गायिका पडद्याआडून गाते, जास्त झाला की अंगावर ओरडते.

पण आलेख पाहून कौल देण्याआधी टिप्स, म्हणजे कानात बसणारी मऊ टोपणं, बघा. माझ्या मते निम्मे वाद इथेच मिटतील. कान बंद असेल तर खालच्या स्वरांचा दाब आत टिकतो, बारीकशी फट राहिली की तो निसटतो आणि बेस कित्येक डेसिबलनी उतरतो. यासाठी तंबोऱ्यानंतर डग्गा ऐका. ‘धा’वर घुमारा पोटातून यावा आणि मनगटाच्या दाबाने स्वर वर सरकताना त्याचा जोर एकाएकी पडू नये. घुमारा फक्त उजव्या कानात असेल, तर इअरफोनला नावं ठेवू नका, डाव्या कानाला एक माप मोठी टिप लावून बघा. दोन्ही कानांना वेगवेगळ्या मापाच्या टिप्स लागणं अगदी नेहमीचं आहे.

वरच्या टोकालाही असाच घोळ आहे. टिप आणि पडदा यांच्यामध्ये जी हवा उरते तिचाही एक अनुनाद असतो. ते अंतर साडेएकवीस मिलिमीटर धरलं तर तो ८००० हर्ट्झला येतो, टिप तीन मिलिमीटर आत ढकलली की सव्वानऊ हजारांच्या वर. ‘स’, ‘श’ची धार नेमकी याच टापूत असते. करून बघण्यासारखी गोष्ट आहे: एखादं स्पष्ट उच्चारांचं भावगीत लावा, इअरफोन हळूच आत-बाहेर करा, आणि त्याच गायिकेचा ‘स’ टोचरा किंवा मऊ होताना ऐका. मोजणीच्या कृत्रिम कानातही हा डोंगर ८००० हर्ट्झजवळ उगवतो, म्हणून आलेखाच्या त्या टोकावर फार विसंबू नये. मित्राला बोचणारा इअरफोन तुम्हाला गोड वाटला, तर दोघंही खरं बोलत असाल.

याच वरच्या भागातला उठाव ‘डिटेल’ म्हणून विकला जातो. जुन्या मैफलींच्या ध्वनिफितींवर याची झडती घेता येते. टेपची सळसळ गाण्याच्या पुढे येऊन बसली, तर तिथे तपशील वाढलेला नाही, नुसता ट्रेबल वाढलाय. खरा तपशील सम येऊन गेल्यावर तंबोऱ्याची तार विझत जाते तिथे कळतो.

दोन इअरफोन शेजारी ठेवून ऐकताना आवाजाची पातळी सारखी करा. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ असा जाणवत नाही, ‘जास्त भरदार’ असा जाणवतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवलं की आवाज लहान असताना खालचे स्वर कानाला जास्तच कमी जाणवतात. त्यामुळे जरा मोठा वाजणारा इअरफोन फुकटात बेसदार ठरतो. आणि डोळे? १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि ऑलिव्ह यांनी चाळीस श्रोत्यांना चार स्पीकर आधी न दाखवता, मग दाखवून ऐकवले. दिसल्यावर गुण बदलले. पडद्याआड चांगला ठरलेला लहानसा स्वस्त संच समोर दिसताच मागे पडला. मित्राकरवी, डोळे मिटून इअरफोन बदलून घ्या. हातातल्या स्पर्शावरून ओळखू येतील हे खरं, पण किंमत विसरायला तेवढी मदत होते.

किमतीचं म्हणाल तर येरून ब्रेबार्ट या संशोधकांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली. त्यात इन-इअरही होते. वारंवारतांचा आलेख आणि किंमत यांचा संबंध सापडला नाही. महाग जोडीत बांधणी, केबल, आराम, डाव्या-उजव्याचा मेळ हे मिळू शकतं, पण सूर जुळलेला असेल याची हमी नाही. एका कानात किती ड्रायव्हर (आवाज काढणारे इवलेसे स्पीकर) ठासलेत यावरून तर काहीच ठरत नाही.

उलट अनेक ड्रायव्हरवाल्यांची एक खोड असते: त्यांचा विद्युत अडथळा वारंवारतेप्रमाणे बदलतो. समजा, खाली तो ३० ओहम आहे आणि वर ६. ज्या प्लेअरचा स्वतःचा अडथळा १० ओहम आहे त्याला हा इअरफोन जोडला, तर खालचा भाग अडीच डेसिबल घटतो आणि वरचा साडेआठ. म्हणजे एकाएकी ट्रेबल सहा डेसिबलनी बसला. तोच १ ओहमच्या साध्या डाँगलला लावला तर हा फरक जेमतेम एका डेसिबलचा. कुणी तुम्हाला सांगितलं की अमुक आयईएम (इन-इअर इअरफोन) अंधारा, म्हणजे ट्रेबल दबलेला, वाटतो, तर त्याने तो कशाला जोडून ऐकला हे आधी विचारा.