कूलर, बंडीची धाव आणि चरख्याची अट : गावातल्या दुरुस्ती मेळाव्यामागचा इतिहास

विदर्भात फेब्रुवारी सरत आला की माळ्यावरचा कूलर खाली येतो. ताट्या झटकायच्या, टाकीतला गंज खरवडायचा, पंप पाण्यात सोडून पाहायचा. घरोघरी काही ना काही बिघडलेलं निघतंच. कुठे पंप पाणी ओढत नाही, कुठे मोटार नुसती घूं घूं करते, कुठे पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. तालुक्याच्या मेकॅनिककडे तेव्हा आधीच रांग लागलेली असते. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मी दुरुस्ती मेळावा पाहिला तो नेमका याच दिवसांत. जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात बाकं जोडून टेबलं केली होती. आयटीआयची मुलं, एक निवृत्त लाइनमन, सायकलच्या दुकानातले एक काका आणि शिलाई मशीनवाल्या दोन ताया बसल्या होत्या. मजुरी कुणीच घेत नव्हतं. नवा भाग लागला तर त्याचे पैसे ज्याची वस्तू त्याने द्यायचे. आणखी एक अट होती : वस्तू ठेवून निघून जायचं नाही, शेजारी बसून उघडताना पाहायची.

ही शेवटची अट आली आहे अ‍ॅमस्टरडॅमहून. तिथे १८ ऑक्टोबर २००९ रोजी मार्टिने पोस्टमा या पत्रकार बाईंनी पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. बिघडलेली वस्तू घेऊन या, जाणकार स्वयंसेवक आहेत, बरोबर बसून दुरुस्त करू, चहा-कॉफीही घेऊ, एवढीच कल्पना. आज जगभरात असे दोन हजारांहून जास्त कॅफे चालतात. भारतात बंगळुरूमध्ये अंतरा मुखर्जी आणि पूर्णा सरकार यांनी २०१५ साली हेच काम सुरू केलं. शहरी मध्यमवर्गाला त्याची गरज का वाटली हे उघड आहे. वस्तू टाकून द्यायची सवय लागलेली, आणि कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला कधी उठून गेला ते कळलंही नाही.

विदर्भातल्या गावाची गोष्ट मात्र अ‍ॅमस्टरडॅमपासून सुरू करता येत नाही. इथे दुरुस्ती ही गावाची रचनाच होती. वाढई आणि लोहार हे बलुतेदार. वखर, डवरा, तिफण ही शेतीची अवजारं आणि बंडी म्हणजे बैलगाडी, यांची वर्षभराची डागडुजी त्यांच्याकडे असायची, आणि त्या बदल्यात खळ्यावर धान्य मिळायचं. प्रत्येक कामाचा वेगळा हिशेब नसे. विळा बोथट झाला, पाजवून आणला. तिफणीचं दातं मोडलं, बसवून घेतलं. जे गावात राहत नसत ते फिरत येत. घिसाडी पाल टाकून भाता फुंकत, कल्हईवाला नवसागराच्या धुरात पितळी भांडी आतून चकाकून देत असे, जात्याला टाकी लावणारे येत. घरात वस्तू मोजक्या आणि प्रत्येकीचा वैद्य ठरलेला.

यातलं एक काम मला आजच्या मेळाव्याचं थेट पूर्वज वाटतं. ते म्हणजे बंडीच्या चाकाला धाव चढवणं. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. उन्हाळ्यात लाकूड आटलं की ती सैल होते, चाक खडखडू लागतं. मग लोहार धाव काढून तिचा घेर कमी करायचा, गोवऱ्यांच्या आरात ती लाल होईस्तोवर तापवायचा. तापलं लोखंड पसरतं, तेवढ्या अवधीत तीन-चार जणांनी सांडशांनी उचलून ती चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. लाकूड जळू लागायच्या आत पाणी पडलं पाहिजे. निवताना धाव आवळते आणि आरे, तुंबा, पुठ्ठे सगळे एकमेकांत घट्ट बसतात. हे काम एकट्याने होत नाही. बंडीचा धनी, त्याचा गडी, शेजारी, सगळे हाताशी लागत. धनी शेजारी उभा असायचाच, कारण त्याच्यावाचून काम उरकत नसे.

या आठवणींनी गहिवरून जाण्याआधी दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. हे कसब जातीला बांधलेलं होतं. लोहाराच्या पोराने लोहारच व्हायचं. चामड्याची मोट सांधणाऱ्याचा हात साऱ्या गावाला लागे, पण त्याचा स्पर्श चालत नसे. बलुत्याचं माप देणाऱ्याच्या मर्जीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. हे गावातल्या दुरुस्तीला अक्षरशः लागू पडतं. ज्यांना गाव सोडता आलं त्यांनी ते सोडलं आणि योग्यच केलं. त्यामुळे ‘पूर्वी गावात सगळं दुरुस्त व्हायचं’ एवढंच बोलून थांबणाऱ्यांशी माझं जमत नाही. शाळेच्या त्या व्हरांड्यात कोण कुणाचं काय दुरुस्त करतंय याला जातीचं कोष्टक नव्हतं, आणि जुन्यापेक्षा नवं काय असेल तर मला हेच सगळ्यात मोठं वाटतं.

टाकाऊला मान देणारी परंपराही याच मातीत आहे. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. अंगावर चिंध्या जोडून केलेला कपडा, हातात गाडगं आणि खराटा. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. त्यांचं कीर्तन ऐकलेल्या घरांत ठिगळ लावलेला कपडा लाजेचा नव्हता. तुकडोजी महाराजांच्या मोझरीने श्रमदान ही गोष्ट गावोगाव नेली. मेळाव्यातली मुलं आपल्या कामाला श्रमदानच म्हणतात.

पण या विषयात विदर्भाचं सगळ्यात मोठं देणं वर्ध्याचं आहे. डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत पडलं. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. तेलघाणी, हातकागद, मधमाशा, चुली, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप असे प्रयोग तिथे झाले. गावातल्या माणसाने बनवावं, चालवावं आणि बिघडलं तर गावातच नीट करावं, हा त्यामागचा विचार. १९३८च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. ते आजही वर्ध्यात आहे. त्याआधी ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवणाऱ्या नई तालीमची मांडणी झाली. शाळेच्या बाकावर सोल्डरिंगची कावी पाहून कुणाला नवल वाटत असेल तर त्यांनी सेवाग्रामला जाऊन यावं.

याहूनही जुनी एक गोष्ट आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. तेव्हाचे लाख रुपये! अटी कडक होत्या. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, झोपडीत बसून चालवता आला पाहिजे, सूत इतकं निघालं पाहिजे वगैरे. त्यातली एक अट अशी : वेळच्या वेळी देखभाल केली तर यंत्र किमान वीस वर्षं चाललं पाहिजे आणि दुरुस्ती-देखभालीचा वर्षाचा खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. सगळ्या अटी पुऱ्या करणारं यंत्र काही आलं नाही आणि बक्षीस कुणालाच मिळालं नाही. तरी ती अट पाहा. यंत्र किती सूत देतं याबरोबर ते दुरुस्त किती स्वस्तात होतं, हे यंत्र बनण्याआधीच लिहून ठेवलेलं. आज मिक्सरच्या खोक्यावर वॅट असतात, वॉरंटी असते, पण हा आकडा नसतो.

स्वातंत्र्यानंतर गावातल्या दुरुस्तीने जात सोडून तंत्राची वाट धरली. १९५०पासून कारागीर प्रशिक्षण योजनेखाली आयटीआय निघाल्या. वायरमन, फिटर, इलेक्ट्रिशियन हे शब्द गावात आले. वीज आली तशा विहिरीवर मोटारी बसल्या, आणि वीज कमी दाबाने आली, एखादा फेज गेला तशा त्या जळूही लागल्या. मग तालुक्याच्या प्रत्येक बसस्टँडजवळ वायंडिंगचं दुकान दिसू लागलं. जळकी तार उपसायची, वेढे मोजायचे, नवी तांब्याची तार तेवढ्याच वेढ्यांनी भरायची, वार्निश मारून वाळवायची. तीच माणसं पंखे आणि कूलरही करायची. साधारण दोन पिढ्या हे चांगलं चाललं, कारण वस्तू स्क्रूने बंद होती आणि स्क्रूने उघडत होती.

गाठ बसली ती पुढे. खोकी चिकटवून बंद येऊ लागली, बॅटऱ्या आतच डिंकाने बसवलेल्या. एलईडी बल्ब घ्या. आतले बारके दिवे एकामागे एक जोडलेले असतात, त्यातला एक जळून काळा ठिपका पडला की सगळा बल्ब गप्प. दिवा एक गेलेला, पण बल्ब उघडताना कवचच तुटतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या मिक्सरचा कपलर बाजारात मिळतो, दोन वर्षांपूर्वीच्या स्वस्त मिक्सरचा मिळत नाही. गावातलं कसब संपलं, असं सरसकट बोललं जातं. ते मला पटत नाही. कसब आहे, पण वस्तू उघडत नाही आणि भाग मिळत नाही, म्हणून ते बसून राहतं. हुशार मेकॅनिक नागपूर-पुण्याला गेले तेही यामुळेच.

मेळाव्यात प्रत्यक्ष काय होतं ते पाहिलं की हे जास्त कळतं. पहिल्या टेबलावर सिरीज बोर्ड होता. लाकडी फळीवर शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि त्याच्या सिरीजमध्ये, म्हणजे करंटच्या त्याच एका वाटेवर, प्लगची जागा. आलेली वस्तू आधी त्यात लावायची. बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट, मंद पेटला तर वाट मोकळी आहे, पेटलाच नाही तर तार कुठेतरी तुटलेली. शॉर्ट असला तरी शाळेचा फ्यूज उडत नाही, बल्ब करंट अडवतो. लाइनमन काका मुलांना एक गोष्ट मात्र परत परत सांगत होते : इस्त्री लावली की बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो, तो शॉर्ट समजू नका, इस्त्रीची कॉइलच तशी असते.

एक आजी छताचा पंखा पोत्यात घालून घेऊन आल्या होत्या.

“भाऊ, फिरते पण हवा नाही लागत.”

“कंडेन्सर गेला असन आजी. बसा, दाखवतो.”

मुलाने कंडेन्सर काढून हातात दिला. बाजूने फुगलेला होता. २.५ मायक्रोफॅरडचा नवा लावला, दोन वायरी जोडल्या, पंखा बांबूला टांगून फिरवून दाखवला. आजींनी फुगलेला जुना तुकडा पदराला बांधून घेतला, पुढच्या वेळी दुकानात दाखवायला. वस्तू शेजारी बसून पाहायची, या नियमाचा उपयोग मला तिथे दिसला. मिक्सर घेऊन आलेल्या निम्म्याअधिक लोकांना तर बुडाखालचं ओव्हरलोडचं लाल बटण दाबून परत पाठवलं जात होतं, आणि हे बटण त्यांना कुणी कधी दाखवलेलंच नव्हतं.

कूलरचं टेबल वेगळं होतं आणि तिथे सगळ्यात ज्येष्ठ माणूस बसला होता. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र असलेली ही वस्तू. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. म्हणून तिथे नियम असा : कूलर चालला तरी बॉडीत करंट उतरत नाही ना हे तपासल्याशिवाय परत द्यायचा नाही. तिसरी, अर्थिंगची पिन तोडून लावलेले प्लग कापून तीन पिनींचे बसवले जात होते. घरी अर्थिंग नसेल तर तिसरी पिन असून उपयोग नाही, हेही प्रत्येकाला सांगितलं जात होतं. दुरुस्ती मेळाव्याने पर्यावरण वाचतं, असं लिहिलं जातं. वाचत असेलच. पण आमच्याकडे त्याचं पहिलं काम जीव वाचवणं आहे.

कायदा या सगळ्याच्या मागून येतोय. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं धरली. त्याच डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू झालं. फ्रान्समध्ये २०२१पासून काही वस्तूंवर ती किती दुरुस्त होऊ शकते याचे गुण छापावे लागतात. आपल्याकडे तशा निर्देशांकासाठी २०२४मध्ये समिती बसली आणि तिचा अहवाल मे २०२५मध्ये आला. वर्ध्याच्या वाटेवरच्या माणसाला हे वाचताना १९२९ची ती पाच टक्क्यांची अट आठवतेच. शेती अवजारं पहिल्या चारांत आहेत ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, कारण मोबाइलवाचून दोन दिवस निघतात, पेरणीत यंत्र अडलं तर हंगाम जातो.

त्या गावच्या मंडळींनी एक वही ठेवली आहे. काय आलं, काय झालं, आणि झालं नाही तर का नाही. शेवटच्या रकान्यात ‘भाग नाही’ आणि ‘उघडत नाही’ हे दोनच शेरे बहुतेक ठिकाणी आहेत, समोर मॉडेलचं नाव. ही पानं ग्राहक पंचायतीपर्यंत आणि त्या पोर्टलपर्यंत गेली पाहिजेत. अहवाल लिहिणाऱ्यांपाशी अशी माहिती गावातून पोचली नाही, तर निर्देशांक शहरातल्या वस्तूंपुरता राहील.

पुढचा मेळावा मृगाच्या आधी ठेवायचं ठरलं आहे, पाठीवरच्या फवारणी पंपांसाठी. २०१७मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते इथे कुणी विसरलेलं नाही. गळका पंप पाठ भिजवतो आणि औषध कातडीतून आत जातं. वायसर, नोझल, झाकणाचं रबर, नळीचे क्लॅम्प आधीच घाऊक आणून ठेवायचे आहेत. पंप घरून साबणाच्या पाण्याने तीनदा धुऊन, रिकामा करून आणायचा; न धुतलेला पंप टेबलावर घेतला जाणार नाही, आणि लहान मुलांना त्या दिवशी व्हरांड्यात येऊ द्यायचं नाही, असं फळ्यावर आत्ताच लिहून ठेवलं आहे.